साखर कुणाला म्हणायचं?

गेल्या अंकात औषधी वनस्पतींच्या रेणूंबद्दल लिहिताना मी एक वाक्य टाकून गेले होते: "तुलना करायच्या आधी मी सगळ्या रेणूंची साखर संगणकाकडून काढून घेते." त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की हा सगळा अंक त्यालाच द्यावा लागतोय. अठ्ठावीस वर्षं फार्मसीच्या मुलांना वनौषधी शिकवल्या, पण साखरेवर एवढे प्रश्न वर्गात कधी आले नव्हते. आम्ही सांगलीकडची माणसं, साखर म्हटलं की उसाचा दर आठवतो. इथली साखर वेगळी आहे. नावं छापू नयेत असं बहुतेकांनी कळवलंय, म्हणून फक्त गावं देते.

नांदेडहून एम.फार्म.ची विद्यार्थिनी: मॅडम, माझ्या गाइडनी मला वनस्पतींतल्या सहाशे रेणूंची यादी दिली आणि साखरेचे तुकडे काढून फक्त गाभे, म्हणजे साखर सोडून उरणारा भाग, ठेवायला सांगितले. मी ग्लुकोजचा आराखडा देऊन शोध घेतला. फारच कमी सापडले. ज्यात साखर आहे हे पुस्तकात स्पष्ट लिहिलंय तेही सुटले. माझं कुठे चुकलं?

तुझं काही चुकलं नाही गं, तू ग्लुकोज मागितलंस आणि संगणकाने ग्लुकोजच दिलं. साखर मागितलीच नव्हतीस. पण साखर मागायची कशी, हाच तर घोळ आहे.

आधी हे काढायचंच कशाला, ते इतर वाचकांसाठी सांगते. क्वेर्सेटिन हा एक पिवळा रेणू, कांद्यात भरपूर. त्याचं वजन, म्हणजे रेणूभार, 302. झाडात तो असा मोकळा क्वचित राहतो. रॅम्नोज नावाची एक साखर लागली की 448, ग्लुकोज लागलं की 464, दोन्ही साखळीने लागले की रुटिन नावाचा रेणू, 610. यादीत हे वेगवेगळे रेणू म्हणून बसतात, पण गाभा एकच. कोणत्या झाडात कुठले गाभे आहेत हे बघायचं असेल तर साखरेचे अंगरखे उतरवावेच लागतात. चेन्नईच्या इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेसने 2018 साली भारतीय औषधी वनस्पतींचा 'इम्पॅट' नावाचा संग्रह खुला केला, तेव्हा पहिल्याच आवृत्तीत 1742 वनस्पती आणि 9596 रेणू होते. एवढ्यांचे अंगरखे हाताने उतरवत बसायला मला दुसरा जन्म घ्यावा लागला असता.

आता संगणकाला रेणू कसा दिसतो ते बघ. आपण त्याला अक्षरांची एक ओळ देतो. डेव्हिड वायनिंगरने 1988 मध्ये प्रसिद्ध केलेली 'स्माइल्स' ही लिपी तू वापरली असशीलच. त्या ओळीवरून प्रोग्राम ठिपके आणि रेघा मांडतो. ठिपका म्हणजे अणू, रेघ म्हणजे बंध. गोड-कडू, विरघळणारं-न विरघळणारं यातलं त्याला काही कळत नाही. म्हणून साखरेची व्याख्या ठिपक्यारेघांत करावी लागते.

जर्मनीत येना आणि रेकलिंगहाउझेन इथल्या चौघांनी (शाउब, झिलेस्नी, स्टाइनबेक आणि सोरोकिना) 2020 मध्ये 'शुगर रिमूव्हल युटिलिटी' नावाचा फुकट प्रोग्राम प्रसिद्ध केला. त्यांची व्याख्या मला आवडते, कारण ती कागद-पेन्सिलने तपासता येते. रेणूतलं कडं घ्यायचं, म्हणजे आपण वर्गात रिंग म्हणतो ते. त्यात पाच, सहा किंवा सात अणू हवेत. त्यातला नेमका एक ऑक्सिजन, बाकी सगळे कार्बन, आणि कड्यातले सगळे बंध एकेरी. ते कडं सुटं हवं, शेजारच्या दुसऱ्या कड्याशी भिंत वाटून घेतलेली नको. आणि मग मुख्य चाचणी: कड्याला बाहेरून थेट चिकटलेले ऑक्सिजन मोजायचे, त्यांना कड्यातल्या अणूंच्या संख्येने भागायचं. उत्तर निदान 0.5 आलं तर साखर म्हणायचं.

ग्लुकोज घे. कड्यात सहा अणू. बाहेर थेट चिकटलेले ऑक्सिजन चार. पाचवा ऑक्सिजन एका कार्बनच्या पलीकडे शेपटीला आहे, तो धरायचा नाही. चार भागिले सहा, 0.67. पास. गॅलॅक्टोज, मॅनोज यांचंही तेच, कारण त्यांच्यात आणि ग्लुकोजमध्ये फरक फक्त हात कुठल्या बाजूला वळलाय एवढाच. एमिल फिशरला 1902 चं नोबेल मिळालं त्यात ह्या हातांच्या दिशा उलगडण्याचा मोठा वाटा होता, आणि आपल्या कित्येक संग्रहांत त्या दिशा नोंदवलेल्याच नसतात. म्हणून 'साखर आहे का' आणि 'कोणती साखर' हे दोन प्रश्न वेगळे ठेव. तुझ्या कामाला पहिला पुरतो.

वरच्या नियमात मी 'निदान' हा शब्द मुद्दाम ठेवलाय. त्याची गोष्ट सांगते.

निवृत्त झाल्यावर भाच्याकडून थोडं प्रोग्रामिंग शिकले आणि हाच नियम स्वतः लिहून पाहिला. ग्लुकोज गेलं, रॅम्नोज गेली, रुटिनमधून क्वेर्सेटिन स्वच्छ बाहेर आलं. मी खुशीत. मग डिजॉक्सिन दिलं. हृदयाचं औषध, डिजिटालिसच्या पानांतून येतं, गाभ्याला तीन साखरा एकामागे एक. आत टाकलं 781 वजनाचं, बाहेर आलं 781 वजनाचं. एक साखर हलली नाही. मला वाटलं संग्रहातच रेणू चुकीचा भरलाय. दुसरा संग्रह काढला, तिथेही तेच. शेवटी विजेच्या बिलाच्या पाठीवर ती साखर काढली. तिचं नाव डिजिटॉक्सोज. ग्लुकोजपेक्षा दोन ऑक्सिजन कमी, त्यातला एक कड्यावरचा. बाहेरचे ऑक्सिजन तीन. तीन भागिले सहा, बरोब्बर 0.5. आणि मी प्रोग्राममध्ये लिहिलं होतं '0.5 पेक्षा जास्त'. बरोबरीचं चिन्ह घालायला विसरले होते.

कपाळाला हात लावला, कारण हीच गोष्ट मी दरवर्षी प्रॅक्टिकलला शिकवत होते. साखरेसाठी मोलिश चाचणी, जांभळं कडं येतं. पण डिजिटालिस आलं की आम्ही वेगळी केलर-किलियानी चाचणी करायला लावायचो, ग्लेशियल अॅसिटिक अॅसिड, फेरिक क्लोराइडचा थेंब, खालून सल्फ्युरिक अॅसिड. का? तर ह्या साखरेत ऑक्सिजन कमी म्हणून. परीक्षानळीत हाताला माहीत असलेली गोष्ट की-बोर्डपर्यंत पोचली नाही.

आपल्या अंगणातली कण्हेरही ह्याच उंबरठ्यावर बसलीय. तिच्यातल्या ओलिअँड्रिनची साखर, ओलिअँड्रोज, तीही तीन ऑक्सिजनवाली, तीही नेमकी 0.5. तुझ्या यादीत कण्हेर असणार, ती आधी तपास.

पण बरोबरीचं चिन्ह घातलं म्हणजे सगळं सुटलं असं नाही. एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक बघ. त्याच्या मोठ्या कड्याला दोन साखरा. क्लॅडिनोजचे बाहेरचे ऑक्सिजन तीन, 0.5, ती सापडते. दुसरी डेसोसॅमिन, तिच्यावर ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन बसलाय, ऑक्सिजन उरले दोन, 0.33. ती सुटते. एकाच रेणूतल्या दोन सख्ख्या बहिणी, एकीला प्रोग्राम साखर म्हणतो आणि दुसरीला गाभ्याचा भाग. अॅडेनोसिनमधला रायबोज असाच: पाच अणूंचं कडं, बाहेर ऑक्सिजन दोन, तिसऱ्या जागी नायट्रोजन. 0.4. शाळेच्या पुस्तकात ज्याला उघड साखर म्हणतात तो ह्या मोजमापात नापास होतो.

मग उंबरठा 0.3 वर आणू का, असं तू विचारशील. आणून बघ. डेसोसॅमिन सापडेल, रायबोज सापडेल, आणि त्यांच्याबरोबर साखरेशी काही नातं नसलेली, केवळ दोन ऑक्सिजन चिकटलेत अशी कडीही कापली जातील. मी तरी 0.5 ठेवते, मग एकदा 0.3 ला चालवते, आणि दोन्ही उत्तरांत जे रेणू वेगळे आले तेवढेच डोळ्यांनी बघते. सहाशेत ते फार नसतात. एका दुपारचं काम.

रुईची मात्र वेगळी तऱ्हा. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतो ती रुई. तिच्या चिकातल्या कॅलोट्रोपिनमध्ये साखर गाभ्याला एका ठिकाणी नाही, दोन ठिकाणी जोडलेली असते. दोन टाके घातले की मध्ये आणखी एक कडं तयार होतं, आणि साखरेच्या कड्याची एक भिंत त्याच्याशी सामाईक होते. आपला नियम म्हणतो कडं सुटं हवं. संपलं. इथे कितीही उंबरठा हलवलास तरी उपयोग नाही. असे रेणू मी हाताने वेगळे ठेवते आणि शेरा लिहिते.

आणखी एक. साखर टोकाला आहे की मध्ये, हे बघितल्याशिवाय कापू नकोस. टिलिरोसाइडमध्ये एका बाजूला केम्फेरॉल, दुसऱ्या बाजूला कुमारिक आम्ल, आणि मधोमध ग्लुकोज. मधलं काढलंस की रेणूचे दोन तुकडे होतात आणि तुझ्या तक्त्यात एका ओळीच्या दोन ओळी. मी सुरुवातीला टोकाच्याच साखरा काढते. एक टोकाची काढली की तिच्या आतली नवी टोक बनते, असं बाहेरून आत सोलत जायचं. डिजॉक्सिनच्या तिन्ही साखरा अशाच एकेक करून निघतात आणि 390 वजनाचं डिजॉक्सिजेनिन उरतं.

आणि काढलेल्या साखरा फेकू नकोस. वेगळ्या रकान्यात ठेव. का, ते खाली वैद्यबुवांच्या पत्रात येईल.

इचलकरंजीहून औषध दुकानदार: आमच्या मुलाने हौसेने अशा एका प्रोग्राममध्ये मधुमेहाचं डॅपाग्लिफ्लोझिन टाकलं, तर त्याने 'साखर आहे' असं दाखवलं. मी हे एका जुन्या गिऱ्हाइकाला गमतीने सांगितलं, तर त्यांनी गोळी बंद केली. आता मी काय सांगू?

आधी फोन करून गोळी पुन्हा सुरू करायला सांगा आणि त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. मग निवांत हे वाचा.

मुलाचा प्रोग्राम खोटं बोलला नाही. डॅपाग्लिफ्लोझिनमध्ये ग्लुकोजचा सांगाडा आहेच. कड्यात सहा अणू, बाहेर ऑक्सिजन तीन, पुन्हा आपलं 0.5. वजनाने रेणूचा साधारण 40 टक्के भाग तो. 10 मिलिग्रॅमच्या गोळीत म्हणजे 4 मिलिग्रॅम. चहाच्या चमच्यात साखर चार-पाच ग्रॅम असते, म्हणजे हजारपट. आणि हे 4 मिलिग्रॅमसुद्धा शरीराला ग्लुकोज म्हणून मिळत नाहीत, कारण ते गाभ्याला नेहमीसारखं ऑक्सिजनच्या पुलाने जोडलेलं नाही. थेट कार्बनला कार्बन.

यात गंमत आहे. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून 1835 मध्ये फ्लोरिझिन वेगळं केलं गेलं. ते घेतलं की लघवीतून साखर जाते, हे एकोणिसाव्या शतकातच कळलं होतं. पण तोंडाने घेतलं की आतड्यातला एन्झाइम त्याचा ऑक्सिजनचा पूल कापतो आणि औषध वाया जातं. म्हणून औषध बनवणाऱ्यांनी तो ऑक्सिजनच काढून टाकला आणि कार्बनला कार्बन जोडला. आता एन्झाइमला कापायला जागा नाही. मूत्रपिंडातला जो वाहक ग्लुकोज परत रक्तात ओढतो, त्याच्या तोंडाशी हे ग्लुकोजसारखं दिसणारं टोक जाऊन अडकतं, आणि खरं ग्लुकोज लघवीतून वाहून जातं. मधुमेह्यात दिवसाला साधारण 70 ग्रॅम. चार मिलिग्रॅमच्या आमिषावर सत्तर ग्रॅमची शिकार. तुमच्या गिऱ्हाइकाला असं सांगून बघा.

मुलाला सांगा, त्याच कुटुंबातली बाकीची औषधं टाकून बघ. एम्पाग्लिफ्लोझिनमध्ये ऑक्सिजनची दोन कडी आहेत. एक साखरेचं, 0.5. दुसरं पाच अणूंचं लहान कडं, बाहेर एकच ऑक्सिजन, 0.2, ते साखर नाही. नियम दोन्ही बरोबर ओळखतो. पण अर्टुग्लिफ्लोझिनमध्ये साखरेच्या कड्यावर आणखी एक पूल टाकलाय, कडं सुटं राहिलेलं नाही, त्यामुळे तिथे 'साखर नाही' असं उत्तर येईल. रुईसारखीच गत. काम मात्र तिन्ही गोळ्यांचं एकच.

रोह्याहून, कंपनीच्या प्रयोगशाळेतले अॅनालिस्ट: तुम्ही रेणूचं चित्र हातात असल्याचं धरून बोलताय. आमच्या हातात फक्त मास स्पेक्ट्रम असतो, म्हणजे रेणू फोडून यंत्राने मोजलेली तुकड्यांची वजनं. वजनातून 162 गेले की आम्ही 'हेक्सोज', म्हणजे ग्लुकोजसारखी सहा कार्बनवाली साखर, असं लिहितो. ते पुरेसं नाही का?

बऱ्याचदा पुरतं. साखर सुटताना पुलाचा ऑक्सिजन गाभ्याकडे राहतो, म्हणून 180 चं ग्लुकोज 162 होऊन जातं. रॅम्नोजसारखी 146, पाच कार्बनवाली 132, ग्लुक्युरोनिक आम्ल 176. हे आकडे तुम्हाला पाठ असतील. पण दोन ठिकाणी मी स्वतः फसलेय.

पहिलं, कॅफिक आम्लाचा तुकडाही 162 च. कॉफीतलं क्लोरोजेनिक आम्ल आठवा. आणि कुमारिक आम्लाचा तुकडा 146, म्हणजे रॅम्नोजचा जुळा. दशांशात गेलात तर फरक दिसतो: हेक्सोज 162.0528, कॅफिक 162.0317. तुमचं यंत्र तेवढं बारीक मोजत असेल तर दशांश वाचल्याशिवाय 'हेक्सोज' लिहू नका. नसेल तर शेरा 'हेक्सोज किंवा कॅफिक' असा लिहा. वरिष्ठ नाक मुरडतील, मुरडू देत.

दुसरं, आंबा. आंब्याच्या पानात, सालीत मँगिफेरिन असतं, वजन 422. त्यात ग्लुकोज आहे हे रेणूचं चित्र बघून कुणीही सांगेल. पण निगेटिव्ह मोडमध्ये (एक प्रोटॉन कमी होऊन 422 चं 421 दिसतं) 421 चं शिखर फोडलंत तर 259 शोधत बसाल. मिळतात ठळकपणे 331 आणि 301. म्हणजे 90 आणि 120 गेले. इथेही साखर कार्बनला कार्बन जोडलेली, पूल तुटत नाही, म्हणून साखरेचं कडंच मधून फाटतं आणि तिचा काही भाग गाभ्याला चिकटूनच राहतो. कोरफडीच्या अॅलोइनमध्येही अशीच जोडणी. फार्मसीच्या मुलांना आठवेल, कोरफडीला साधी बोर्नट्रॅगर चाचणी येत नाही, फेरिक क्लोराइड घालून केलेली सुधारित चाचणी लागते, ती याचसाठी.

आणि इथे चित्रावर चालणाऱ्या प्रोग्रामचाही कान धरायला हवा. त्याच्या कात्रीला सगळ्या रेघा सारख्या. तो मँगिफेरिनमधलं ग्लुकोज बिनदिक्कत कापून 260 चं नोरअॅथिरिऑल हातात देतो, जे तुमच्या यंत्रात नुसत्या आदळण्याने सहज मिळणार नाही. आतड्यातले काही जीवाणू मात्र हे कापकाम करतात. म्हणजे तो गाभा काल्पनिक आहे असंही म्हणता येत नाही. प्रोग्रामला 'फक्त ऑक्सिजनच्या पुलाने जोडलेल्या साखरा काढ' असं सांगायची सोय आहे. स्पेक्ट्रमशी जुळवायचं असेल तर ती चालू ठेवा. झाडाझाडांची तुलना करायची असेल तर बंद.

हिंजवडीहून सॉफ्टवेअर इंजिनिअर: मी रसायनशास्त्रातला नाही. ठिपक्यारेघांच्या मोठ्या आलेखात लहान आलेख शोधणं हा एनपी-कम्प्लीट, म्हणजे आकार वाढला की संगणकालाही जड जाणारा, प्रश्न आहे असं आम्ही शिकलो. मग हे चालतं कसं? आणि ह्या सगळ्या नियमांऐवजी एआयला उदाहरणं देऊन शिकवलं तर?

चालतं, कारण रेणू लहान असतात आणि एका कार्बनला चारच हात असतात. तुमच्या पुस्तकातले भयंकर आलेख इथे येत नाहीत. शिवाय इथे लहान आलेख शोधायचाच नाही, कडी शोधून मोजायचं आहे. केमिस्ट्री डेव्हलपमेंट किटसारख्या तयार प्रोग्रामांच्या फुकट संचात कडी शोधायचं फंक्शन तयार मिळतं, माझ्या जुन्या लॅपटॉपवर हजारभर रेणू चहा उकळेपर्यंत होतात. तुम्हाला बरं वाटेल म्हणून सांगते, 'ग्राफ' (आलेख) हा शब्द तुमच्या विषयाला सिल्व्हेस्टर या गणितज्ञाने 1878 मध्ये दिला तो रेणूंची चित्रं बघूनच.

एआयला जरूर शिकवा. पण शिकवायला उदाहरणं लागतील, आणि प्रत्येकापुढे कुणीतरी 'साखर' किंवा 'साखर नाही' असं लिहावं लागेल. डेसोसॅमिनपुढे काय लिहाल? कॅलोट्रोपिनपुढे? ते ठरवलंत की मला कळवा, मी तेच माझ्या नियमात घालीन.

कुडाळहून आयुर्वेदाचे वैद्य: आपण साखरेला 'अंगरखा' म्हणून उतरवून टाकता. झाडाने उगाच का घातला असेल तो? द्रव्याचा गुण गाभ्यातच असतो असं आपण कशावरून धरता?

वैद्यबुवा, धरत नाही. आणि 'अंगरखा' हा शब्द आता मलाही खटकतोय.

रिठा घ्या. पाण्यात घुसळला की फेस. त्याच्यातल्या सॅपोनिन नावाच्या फेसाळ रेणूच्या गाभ्याला तेल-मळ आवडतो आणि साखरेच्या साखळीला पाणी. दोन्ही एकाच रेणूत आहेत म्हणून मळ सुटतो. साखर काढून टाकलेला रिठ्याचा गाभा पाण्यात घुसळत बसलात तर फेस येणार नाही. स्टेव्हियाचंही तसंच. स्टेव्हिओसाइड 804, त्यातल्या तीन ग्लुकोज काढल्या की 318 चं स्टेव्हिऑल. ते गोड नाही. माझ्या तक्त्यात स्टेव्हियापुढे स्टेव्हिऑल लिहिलेलं आहे, आणि तो तक्ता वाचून कुणी म्हणालं की ह्यात गोडवा कुठून आला, तर ते बरोबरच विचारतायत. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिऱ्हायझिनला ग्लुक्युरोनिक आम्लाचे दोन तुकडे असतात, 822 मधून ते गेले की 470 उरतं. घशाला लावायची कांडी आणि माझ्या तक्त्यातला आकडा ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

सगळ्यात डोळे उघडले ते टॅपिओकाने, ज्या कंदापासून साबुदाणा करतात. कंदात लिनामॅरिन असतं. ग्लुकोज आणि त्याला चिकटलेला एवढासा गाभा, हायड्रोजन सोडले तर सहा अणूंचा. त्या सहात सायनाइड दडलेलं. साखर आहे तोवर ते कुलपात आहे, कंद चावला, किसला की एन्झाइम साखर तोडतो आणि विष मोकळं होतं. म्हणजे इथे साखर म्हणजे कुलूप. (उपवासवाल्यांनी घाबरू नये, कंद किसून, स्टार्च धुऊन काढून, वाळवून, भाजून साबुदाणा होतो तोवर ते बहुतेक निघून जातं.)

आता प्रोग्रामचं बघा. साखर काढल्यावर उरलेला तुकडा फार बारीक असेल तर तो कचरा समजून टाकून द्यायची सोय असते. नेहमीची मर्यादा पाच अणू. पाचापेक्षा कमी उरलं तर फेक. लिनामॅरिनचा गाभा सहाचा, थोडक्यात वाचतो. मी एकदा यादी स्वच्छ दिसावी म्हणून ही मर्यादा दहावर नेली होती. टॅपिओकाच्या ओळीतून सायनाइड गेलं आणि मला पत्ताही नाही. महिन्याभराने दुसऱ्याच कामासाठी ती ओळ उघडली तेव्हा लक्षात आलं. तेव्हापासून मर्यादेला हात लावत नाही, आणि काढलेली प्रत्येक साखर, टाकलेला प्रत्येक तुकडा वेगळ्या रकान्यात ठेवते. मूळ रेणू पहिल्या रकान्यात असतोच. तुमचा आक्षेप मान्य करून ह्या महिन्यात एक रकाना वाढवलाय: 'साखरेचं काम'. रिठ्यापुढे 'फेस', टॅपिओकापुढे 'कुलूप', स्टेव्हियापुढे 'गोडवा' एवढंच लिहून झालंय. तुमच्याकडून आणखी चार नावं आली तर भरीन.

मिरजेहून, आठवीतला मुलगा: आजी, साखरेच्या डब्यातली साखर त्या प्रोग्राममध्ये टाकली तर काय उरतं?

छान विचारलंस. डब्यातल्या साखरेत दोन कडी असतात. एक ग्लुकोजचं, सहा अणूंचं, बाहेर चार ऑक्सिजन. दुसरं फ्रुक्टोजचं, पाच अणूंचं, बाहेर तीन, म्हणजे 0.6. दोन्ही पास. प्रोग्राम पहिलं काढतो, मग दुसरं काढतो, आणि उरतं काहीच नाही. कोरी ओळ. पहिल्यांदा माझ्या तक्त्यात अशा कोऱ्या ओळी आल्या तेव्हा मी भाच्याला रात्री साडेदहाला फोन करून सांगितलं की तू शिकवलेला प्रोग्राम बिघडलाय. तो म्हणाला, मावशी, रेणू कोणता होता ते बघ.

आता अशी कोरी ओळ आली की मी तिच्यापुढे हाताने 'साखरच' असं लिहिते.